चित्रपटातील कला दिग्दर्शन आणि दृश्यशैली

कला दिग्दर्शन ही चित्रपटनिर्मितीची एक प्रमुख शाखा आहे. पडद्यावर दिसणारी जागा, मग ती घर, गल्ली, देऊळ, कचेरी किंवा शेत असो, कशी असावी आणि तिच्यातील वस्तू, रंग, पोत व मांडणी कशी असावी हे निश्चित करणे या शाखेचे कार्य होय. एखाद्या दिग्दर्शकाची 'दृश्यशैली' म्हणून जे ओळखले जाते, त्याचा मोठा भाग कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच या कामातून ठरलेला असतो. प्रस्तुत लेखात कला दिग्दर्शनाचे स्वरूप, मराठी चित्रपटसृष्टीतील त्याची परंपरा आणि सोलापूर जिल्ह्याशी नाते असलेले तीन दिग्दर्शक, म्हणजे मकबूल फिदा हुसेन, जब्बार पटेल व नागराज मंजुळे, यांच्या चित्रपटांतील त्याचे स्थान यांचा परिचय दिला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत या संदर्भात 'नेपथ्य' हा शब्द जुना आहे. संस्कृत नाट्यपरंपरेत नेपथ्य म्हणजे पडद्यामागील वेशभूषेची जागा, तसेच नटाची वेशभूषा. आधुनिक मराठी रंगभूमीवर मात्र रंगमंचावरील दृश्यरचनेला नेपथ्य आणि ती करणाऱ्यास नेपथ्यकार म्हटले जाऊ लागले. चित्रपटात याच कामासाठी 'कला दिग्दर्शक' ही संज्ञा रूढ झाली.

रंगभूमीवरील नेपथ्य प्रेक्षक एकाच बाजूने व ठरावीक अंतरावरून पाहतो. चित्रपटात कॅमेरा खोलीत शिरतो, कोपऱ्यात वळतो, एखाद्या पेल्याच्या अगदी जवळ जातो. त्यामुळे चित्रपटातील जागा सर्व बाजूंनी आणि सर्व अंतरांवरून विश्वसनीय ठरावी लागते. रंगभूमीवर रंगवलेली खिडकी चालून जाते, चित्रपटात त्या खिडकीचे गज गंजलेले आहेत की नुकतेच रंगवलेले, हेही दिसते.

'प्रॉडक्शन डिझायनर' ही संज्ञा हॉलिवूडमध्ये 'गॉन विथ द विंड' (१९३९) या चित्रपटापासून प्रचारात आली. विल्यम कॅमेरॉन मेंझीज यांनी त्या चित्रपटाच्या संपूर्ण दृश्यरूपाची आखणी केली होती. सध्या भारतीय चित्रपटांतही एकूण दृश्यकल्पना ठरवणारा प्रॉडक्शन डिझायनर आणि ती प्रत्यक्षात उतरवणारा कला दिग्दर्शक अशी विभागणी आढळते. लहान खर्चाच्या चित्रपटांत ही दोन्ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते.

कार्यपद्धती

कला दिग्दर्शकाचे काम पटकथेच्या वाचनापासून सुरू होते. कथेत किती स्थळे आहेत, ती कोणत्या काळातील व कोणत्या प्रदेशातील आहेत, तेथे राहणाऱ्या माणसांची आर्थिक व सामाजिक स्थिती काय आहे, याची टिपणे काढली जातात. त्यानंतर जुनी छायाचित्रे, वास्तू, वस्तुसंग्रहालये आणि प्रत्यक्ष गावे यांचा अभ्यास होतो. त्यावरून रेखाटने, जमिनीचा आखीव नकाशा आणि कधीकधी लहान प्रतिकृती तयार केली जाते. दिग्दर्शक व छायालेखक यांच्याशी चर्चा होऊन आराखडा पक्का झाल्यावर सुतार, रंगारी, मूर्तिकार आणि साहाय्यक यांचे पथक सेट उभारते. लाकडी चौकटी, प्लायवुड, बांबू, तरट, कापड व प्लास्टर ऑफ पॅरिस ही या कामातील नेहमीची सामग्री होय.

सेटची एखादी भिंत काढता येईल अशी ठेवतात, जेणेकरून अरुंद खोलीतही कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा मिळते. नवी भिंत जुनी दिसावी म्हणून तिच्यावर ओल, धूर, हातांचे डाग आणि उडालेला रंग यांचा आभास निर्माण केला जातो. चुलीमागची भिंत काळवंडलेली असली पाहिजे, उंबरठा मध्यभागी झिजलेला असला पाहिजे, असे बारकावे येथे महत्त्वाचे ठरतात. शेवटी भांडीकुंडी, दिनदर्शिका, देवाच्या तसबिरी, कपडे असे सामान मांडले जाते. पात्रे जे सामान हाताळतात त्याला चित्रपट व्यवसायात 'प्रॉपर्टी' म्हणतात. एका प्रसंगाचे चित्रीकरण अनेक दिवस चालले, तरी प्रत्येक वस्तू आदल्या दिवशीच्याच जागी असावी लागते.

प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण होते तेव्हाही कला दिग्दर्शनाची गरज संपत नाही. तेथे स्थळाची निवड, अनावश्यक गोष्टी हटवणे, काही वस्तू नव्याने ठेवणे आणि रंगांचा मेळ साधणे हे काम असते. हे काम जितके चांगले होते तितके ते प्रेक्षकाच्या नजरेस कमी येते.

दृश्यशैलीशी असलेला संबंध

दिग्दर्शकाची दृश्यशैली घडवणारे चार घटक कला दिग्दर्शनाशी थेट निगडित आहेत.

पहिला घटक अवकाश. खोली अरुंद आहे की प्रशस्त, छत खाली आहे की उंच, दार कोणत्या बाजूला आहे, यावरून पात्रांची ये-जा ठरते आणि त्या हालचालीवरून कॅमेऱ्याची जागा ठरते. एखादा दिग्दर्शक पात्रांना नेहमी दाराच्या चौकटीत उभे करतो असे आढळले, तर ते दार कोणीतरी त्या जागी योजलेले असते.

दुसरा घटक प्रकाश. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटातील काशीच्या घराचे अंगण कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कोलकात्याच्या स्टुडिओत उभारले होते. काशीतील जुन्या घरांत उजेड वरून, आकाशातून पाझरत येतो. तो परिणाम साधण्यासाठी अंगणावर कापड ताणण्यात आले आणि छायालेखक सुब्रत मित्र यांनी दिव्यांचा प्रकाश त्या कापडावर पाडून खाली परावर्तित केला. सौम्य, सावलीविरहित प्रकाश हे राय यांच्या शैलीचे वैशिष्ट्य मानले जाते. येथे तो प्रकाश अंगणाची रचना आणि दिव्यांची योजना यांच्या मेळातून निर्माण झाला.

तिसरा घटक वस्तू. घरातील एखादी वस्तू कथेत पुन्हापुन्हा दिसते तेव्हा तिला अर्थ प्राप्त होतो. चौथा घटक रंग आणि पोत. कृष्णधवल चित्रपटात रंगांच्या जागी काळ्या-पांढऱ्याच्या छटा आणि पृष्ठभागांचे पोत हे काम करतात.

या घटकांना वास्तवापासून दूर नेऊनही शैली घडवता येते. 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी' (१९२०) या जर्मन मूकपटात हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग यांनी वाकडी घरे, तिरप्या भिंती आणि रंगवलेल्या सावल्या वापरल्या. पात्राच्या मनातील भय त्यांनी भिंतींवर उतरवले, आणि हा चित्रपट अभिव्यक्तिवादी शैलीचा आदर्श ठरला.

मराठी चित्रपटातील परंपरा

बाबूराव पेंटर आणि कोल्हापूर

भारतातील आरंभीच्या मूकपटांत रंगभूमीप्रमाणे रंगवलेले पडदे पार्श्वभूमीला लावण्याची पद्धत होती. या पद्धतीपासून चित्रपटाला पुढे नेणाऱ्यांत कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे अग्रणी होत. ते स्वतः नाटकांचे पडदे रंगवणारे सिद्धहस्त चित्रकार होते. बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक कंपन्यांसाठी हे काम केले आणि आनंदरावांच्या निधनानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली. पडद्यावर खोली किती मर्यादेपर्यंत भासवता येते हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी लांबी, रुंदी व खोली असलेले प्रत्यक्ष सेट उभारण्यावर भर दिला.

'सैरंध्री' (१९२०) या त्यांच्या चित्रपटातील कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की तो सेन्सॉरच्या आक्षेपाचा विषय झाला. 'सिंहगड' (१९२३) मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा होती. पौराणिक दरबारांच्या काळात कुणब्याचे घर हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो, हे या चित्रपटाने दाखवले. व्ही. शांताराम यांनी त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. वेशभूषेची रेखाटने आणि चित्रपटांची भित्तिपत्रकेही बाबूराव स्वतः करीत. दिग्दर्शक आणि कला दिग्दर्शक या भूमिका त्यांच्या ठिकाणी एकवटलेल्या होत्या.

प्रभात आणि साहेबमामा फत्तेलाल

महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापूर येथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. 'साहेबमामा' या नावाने परिचित असलेले फत्तेलाल (१८९७–१९६४) मूळचे कागलचे. प्रभातच्या चित्रपटांचे कला दिग्दर्शन हे त्यांचे प्रमुख कार्य होते.

पुण्यात तयार झालेला प्रभातचा पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४). बळी देण्याच्या प्रथेविरुद्धच्या या कथेत देवीचे मंदिर, उंच खांब आणि गडद सावल्या यांनी धर्मसत्तेचा दरारा उभा केला. राजगुरूच्या डोळ्याचे समीपदृश्य या चित्रपटात गाजले. त्या एका डोळ्याचा धाक प्रेक्षकाला जाणवतो, कारण सभोवतीच्या भव्य वास्तूने माणूस आधीच लहान करून ठेवलेला असतो.

'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात फत्तेलाल यांनी दामले यांच्यासह दिग्दर्शनही केले. १९३७ मध्ये व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. येथे भव्यता बाजूला ठेवून साधेपणा हेच तत्त्व स्वीकारलेले दिसते. तुकोबांचे घर, तेथील मोजकी भांडी, दारची म्हैस आणि जिजाईचे कष्ट यांमुळे संताचा संसार प्रेक्षकांना आपल्या शेजारच्या घरासारखा वाटतो. घर इतके मातीशी जोडलेले असल्यामुळेच चित्रपटातील चमत्कारांचे प्रसंग परके वाटत नाहीत. पंढरीच्या वारीशी परिचित असलेल्या प्रेक्षकाला या चित्रपटातील भक्तिभाव जितका अभंगांतून भिडतो, तितकाच त्या घराच्या दारिद्र्यातूनही भिडतो.

'कुंकू' (१९३७) हा शांताराम यांचा चित्रपट जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नावर आधारलेला आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो तयार झाला. वृद्ध पतीच्या जुन्या घरात कोंडलेली तरुण नीरा आणि त्या घरातील घड्याळ व आरसा यांसारख्या वस्तू यांतून कथा पुढे सरकते. घड्याळ हे वृद्ध नवऱ्याच्या सरत्या आयुष्याचे, तर आरसा हा स्वतःकडे पाहण्याचे प्रतीक होतो. चित्रपटात पार्श्वसंगीत टाळून घरातील व रस्त्यावरील नैसर्गिक आवाजच वापरले आहेत, त्यामुळे वस्तूंचे अस्तित्व अधिक ठळक होते.

एक दिग्दर्शक, निरनिराळी दृश्यविश्वे

शांताराम यांचे पुढील चित्रपट पाहिले असता कला दिग्दर्शनाचा प्रभाव तुलनेने समजून घेता येतो. १९४२ मध्ये त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर ही संस्था स्थापन केली. तेथील 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) या चित्रपटाचा नायक सोलापूरचा होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. शांताराम यांनी स्वतः ही भूमिका केली. सोलापूरचे घर आणि युद्धग्रस्त चीन ही दोन टोके एका चित्रपटात आणायची होती. नायकाच्या त्यागाची किंमत प्रेक्षकाला उमगायची असेल, तर त्याने मागे सोडलेले घर आपुलकीचे वाटणे आणि त्याने स्वीकारलेली भूमी खरी वाटणे या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या.

'झनक झनक पायल बाजे' (१९५५) व 'नवरंग' (१९५९) या रंगीत चित्रपटांत मात्र शांताराम यांचे दृश्यविश्व पूर्णपणे बदललेले दिसते. गुजराती चित्रकार कनु देसाई यांचे कला दिग्दर्शन या चित्रपटांना लाभले. अलंकरण, गडद रंग, चित्रासारखी सजवलेली पार्श्वभूमी आणि नृत्यासाठी रचलेले विस्तीर्ण सेट ही त्यांची वैशिष्ट्ये आहेत. 'कुंकू' आणि 'नवरंग' यांचा दिग्दर्शक एकच आहे. रंगीत तंत्र, बदललेला काळ आणि निराळा विषय ही या फरकाची कारणे आहेतच, परंतु जागा घडवणारा कलावंत बदलला हेही एक महत्त्वाचे कारण आहे.

सोलापूर जिल्ह्याशी संबंधित तीन दिग्दर्शक

सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या तीन दिग्दर्शकांनी चित्रकला, रंगभूमी आणि ग्रामीण वास्तव अशा तीन निरनिराळ्या वाटांनी चित्रपटात प्रवेश केला. त्यामुळे कला दिग्दर्शनाच्या तीन पद्धती त्यांच्या चित्रपटांत शेजारी ठेवून पाहता येतात.

मकबूल फिदा हुसेन: चित्रकाराची जागा

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूर येथे झाला. उमेदवारीच्या काळात मुंबईत त्यांनी चित्रपटांचे भव्य जाहिरात फलक रंगवले. 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' (१९६७) हा त्यांचा लघुपट फिल्म्स डिव्हिजनसाठी तयार झाला आणि बर्लिन महोत्सवात त्याला लघुपटासाठीचा सुवर्ण अस्वल पुरस्कार मिळाला. राजस्थानच्या पार्श्वभूमीवरील या लघुपटात रूढ अर्थाने कथा नाही. छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू निरनिराळ्या जागी दिसत राहतात आणि त्यांच्या मांडणीतूनच चित्रपट आकार घेतो. वस्तू कोठे ठेवली म्हणजे तिचा अर्थ कसा बदलतो, याचा हा जणू पाठच आहे.

'गजगामिनी' (२०००) मध्ये निरनिराळ्या काळांतील व्यक्तिरेखा एकाच अवकाशात वावरतात. कालिदास आणि लिओनार्दो द व्हिंची एका चित्रपटात येऊ शकतात, कारण तेथील जागा कोणत्याही एका गावाची अथवा शतकाची नाही. ती कॅनव्हाससारखी वापरलेली आहे. 'मीनाक्षी: अ टेल ऑफ थ्री सिटीज' (२००४) मध्ये हैदराबाद, जैसलमेर आणि प्राग या शहरांना प्रत्येकी वेगळा रंगस्वभाव दिला आहे. या चित्रपटासाठी शर्मिष्ठा रॉय यांना कला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक स्वतः जगप्रसिद्ध चित्रकार असतानाही त्याची कल्पना प्रत्यक्ष भिंती, पडदे व वस्तू यांत उतरवण्यासाठी स्वतंत्र कला दिग्दर्शकाची आवश्यकता भासली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

जब्बार पटेल: रंगभूमीची शिस्त

जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ मध्ये पंढरपूर येथे झाला आणि त्यांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. चित्रपटांपूर्वी त्यांनी रंगभूमीवर महत्त्वाचे काम केले. विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकाच्या त्यांच्या प्रयोगात नटांची रांग हेच नेपथ्य होते. एका ओळीत उभे असलेले ब्राह्मण पाठमोरे झाले की भिंत तयार होई, वळले की तीच माणसे पात्रे होत. सत्तेचे कृत्य झाकणारी भिंत माणसांचीच बनलेली असते, हा नाटकाचा आशय नेपथ्यातून व्यक्त झाला.

जागेतून सत्तासंबंध दाखवण्याची ही दृष्टी त्यांच्या चित्रपटांतही आढळते. 'सामना' (१९७५) मध्ये साखर कारखान्याच्या राजकारणावर हुकमत असलेल्या हिंदूराव धोंडे पाटलाचा दबदबा आणि तेथे येऊन पोचलेला निष्कांचन मास्तर यांचा संघर्ष आहे. कोण कोणाच्या आवारात उभा आहे, यावर प्रत्येक प्रसंगाचा तोल ठरतो. 'जैत रे जैत' (१९७७) मध्ये हेच स्थान लिंगोबाच्या डोंगराकडे येते. ठाकर समाजातील नाग्याचे वैर त्या डोंगरावरील मधमाश्यांशी आहे. डोंगर हा येथे देव, प्रतिस्पर्धी आणि नेपथ्य असे तिन्ही आहे. 'सिंहासन' (१९७९) मध्ये राजकारण्यांच्या बैठकीच्या खोल्या आणि दूरध्वनी, तर 'उंबरठा' (१९८२) मध्ये महिला सुधारगृहाची वास्तू कथेची दिशा ठरवते. या शेवटच्या चित्रपटाचे नावच घराच्या एका भागाचे आहे.

'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) या चरित्रपटात कला दिग्दर्शनाची जबाबदारी वेगळ्या प्रकारची होती. महाडचा सत्याग्रह (१९२७), नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) आणि नागपूर येथील धम्मदीक्षा (१४ ऑक्टोबर १९५६) हे प्रसंग लाखो लोकांच्या स्मृतीचा भाग आहेत. त्यांची छायाचित्रे घराघरांत लावलेली असतात. अशा विषयात एखादी चुकीची वस्तू हा केवळ तांत्रिक दोष राहत नाही, ती लोकांच्या स्मृतीशी केलेली तडजोड ठरते. या चित्रपटाच्या कला दिग्दर्शनासाठी नितीन चंद्रकांत देसाई यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नागराज मंजुळे: प्रत्यक्ष भूमी

नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. 'पिस्तुल्या' या लघुपटानंतर 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) या चित्रपटांनी त्यांना ओळख मिळवून दिली. त्यांच्या चित्रपटांत भव्य सेट दिसत नाहीत, म्हणून त्यांत कला दिग्दर्शन नाही असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात तेथे जागेची निवड आणि मांडणी अत्यंत काटेकोर आहे.

'फँड्री'मध्ये जब्याचे कैकाडी कुटुंब गावाच्या कडेला राहते. घर कोठे आहे, एवढ्यावरून त्या कुटुंबाची जात आणि गावातील स्थान स्पष्ट होते, त्यासाठी संवादाची गरज पडत नाही. काटेरी झुडपे, मोकळे माळरान, सायकलचे दुकान, जत्रा आणि शाळा या जागांमधून जब्या फिरतो. त्यांपैकी काही जागा त्याच्या आहेत आणि काहींत त्याला केवळ सोसले जाते. डुकरे पकडण्याच्या प्रसंगी गावकरी व शाळेतील मुले प्रेक्षक होऊन उभी राहतात आणि गावाची मोकळी जागा त्या कुटुंबाच्या अपमानाचा रंगमंच बनते. पकडलेले डुक्कर बांबूला बांधून नेले जात असता मागे शाळेची भिंत दिसते. त्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदी समाजसुधारकांची चित्रे आहेत. महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या भिंतींवर अशी चित्रे असतात, त्यामुळे हे दृश्य मुद्दाम रचलेले वाटत नाही. परंतु कुटुंब नेमके त्या भिंतीजवळून जाते, ही रचना आहे. शाळा जे शिकवते आणि गाव जे वागते यांतील अंतर एका चौकटीत सामावले आहे.

'सैराट'चे चित्रीकरण करमाळा तालुक्यात आणि परिसरात झाले. उसाचे व केळीचे मळे, विहीर, पाण्यावरील होड्या आणि धुळीचे रस्ते हे सोलापूर जिल्ह्याचे परिचित रूप या चित्रपटात विलोभनीय होऊन येते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या या भागाला उजनी धरणाच्या पाण्याने हिरवेपण दिले आहे, आणि ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्याकडे त्या हिरवेपणाची मालकी आहे. आर्ची बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते, पाटलांचे घर प्रशस्त आहे. परश्याच्या वडिलांचा व्यवसाय मासेमारीचा. प्रेमकथेचा रम्य परिसरच दोघांमधील विषमतेचा नकाशा असतो.

उत्तरार्धात कथा हैदराबादला जाते आणि मोकळे आकाश नाहीसे होते. झोपडपट्टीतील पत्र्याची खोली, सार्वजनिक शौचालय आणि डोशाची गाडी अशी जागा येते. पुढे संसार सावरतो तसे घरही बदलत जाते. पाटलांचे घर, पत्र्याची खोली आणि अखेरीचे नीटनेटके घर या क्रमातून आर्चीचे आयुष्य वाचता येते. शेवटच्या प्रसंगात आवाज थांबतात आणि लहान मुलाची रक्ताळलेली पावले उमटतात. ती पावले मन हेलावून टाकतात, कारण त्या घरातील सुरक्षितपणाची खात्री प्रेक्षकाला आधी पटलेली असते.

श्रेय आणि जतन

कला दिग्दर्शकाचे नाव सर्वसाधारण प्रेक्षकाच्या स्मरणात क्वचितच राहते. भव्य सेट असला तर त्याची चर्चा होते. वास्तववादी चित्रपटात मात्र जागा 'होतीच' असे वाटते आणि यशाचे श्रेय दिग्दर्शक वा छायालेखक यांना मिळते. महाराष्ट्र शासनाच्या राज्य चित्रपट पुरस्कारांमध्ये कला दिग्दर्शनाचा पुरस्कार साहेबमामा फत्तेलाल यांच्या नावाने दिला जातो, ही या क्षेत्राची एक महत्त्वाची दखल होय.

जतनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. चित्रीकरण संपले की सेट मोडला जातो आणि त्याचे लाकूड पुढच्या कामाला वापरले जाते. रेखाटने, नकाशे व प्रतिकृती बहुधा सांभाळून ठेवल्या जात नाहीत. मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रपटच नष्ट झाले आहेत. त्यामुळे बाबूराव पेंटर यांच्या कामाचा अंदाज उरलेल्या छायाचित्रांवरून व समकालीनांच्या लेखनावरून करावा लागतो. प्रभातचा पुण्यातील स्टुडिओ मात्र टिकून आहे. तेथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या आणि आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत कला दिग्दर्शनाचे शिक्षणही दिले जाते.

नितीन देसाई (१९६५–२०२३) यांनी २००५ मध्ये कर्जत येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला. 'लगान' (२००१) साठी कच्छमध्ये वसवलेले चंपानेर गाव आणि 'देवदास' (२००२) मधील भव्य वास्तू या त्यांच्या कामाच्या खुणा प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत. कला दिग्दर्शनासाठी त्यांना एकूण चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

अभ्यासाची दिशा

चित्रपटातील कला दिग्दर्शन समजून घेण्यासाठी एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहणे उपयुक्त ठरते. त्या वेळी पुढील प्रश्न विचारता येतात:

– पात्र ज्या जागेत आहे ती जागा कोणाच्या मालकीची आहे, आणि ते दृश्यातून कसे कळते?
– उजेड कोठून येतो? त्यासाठी दार, खिडकी अथवा छत यांची योजना कशी केली आहे?
– कोणती वस्तू एकाहून अधिक वेळा दिसते? प्रत्येक वेळी तिचा अर्थ तोच राहतो का?
– चित्रपटाच्या आरंभीची आणि शेवटची जागा यांत काय फरक आहे?
– याच दिग्दर्शकाच्या दुसऱ्या चित्रपटात कला दिग्दर्शक वेगळा असल्यास दृश्यरूपात कोणता बदल जाणवतो?

यांपैकी शेवटच्या प्रश्नासाठी श्रेयनामावली वाचावी लागते. दिग्दर्शकाची शैली कोणकोणत्या हातांनी घडली, याचा पहिला लेखी पुरावा तेथेच मिळतो.

हे सुद्धा पहा

– नेपथ्य
– बाबूराव पेंटर
– प्रभात फिल्म कंपनी
– शेख फत्तेलाल
– व्ही. शांताराम
– द्वारकानाथ कोटणीस
– जब्बार पटेल
– नागराज मंजुळे
– नितीन चंद्रकांत देसाई